सातबारा नसलेला शेतकरी

बीड जिल्ह्यात नोकरदार माणसाला पगार असतो, पण मत नसतं. लग्नाच्या मांडवात, दहाव्याला, दवाखान्याच्या बाकड्यावर किंवा एसटीच्या मागच्या सीटवर गप्पा कुठूनही निघाल्या तरी मुक्कामाला कापूस, सोयाबीन, ऊस आणि भाव यांच्याकडेच येतात. तिथे ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याने ऐकायचं, मान हलवायची आणि मधूनच ‘यंदा अवघड आहे’ एवढं म्हणायचं. हे वाक्य कोणत्याही वर्षी चालतं. मी ते बरीच वर्षं वापरलं.

आमच्या वाट्याची जमीन आजोबांच्या काळातच वाटण्या, लग्नं आणि एक विहीर यांत संपली. विहिरीला पाणी लागलं नाही. त्यामुळे माझी नोकरी टेबलाची, घर बीड शहरातलं आणि शेती गच्चीवरची. तेलाचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, तडा गेलेला एक माठ, नर्सरीच्या काळ्या पिशव्या आणि खाली अंगणात सीताफळ, लिंबू, बेल. एवढी सगळी इस्टेट.

केजकडचे मामा ती बघायला आले. मामांचं शिवार काळ्या रानाचं, कपाशी आणि सोयाबीनचं. त्यांनी गच्चीला एक चक्कर मारली. चक्कर लवकर संपली.

“पेरा किती म्हणायचा हा?”

“पेरा नाही मामा, हौस आहे.”

“खत?”

“दोन घमेली शेणखत.”

मामांनी शेजारच्या गच्चीकडे पाहिलं. ती तरी माझी असेल अशी त्यांना आशा असावी. मग खाली बसले, वांग्याच्या रोपाचं एक पान उलटं केलं आणि म्हणाले, “अरे, तुडतुडे पडलेत की!” आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

माणसांनी मला शेतकरी मानायला वेळ लावला, पण किडींनी तसं काही केलं नाही. त्यांनी क्षेत्र विचारलं नाही, गट नंबर विचारला नाही, कोरडवाहू की बागायती तेही विचारलं नाही. दोन मजले चढून आल्या आणि कामाला लागल्या.

आमच्याकडचं वर्ष रोहिणी-मृगापासून मोजतात. मेच्या शेवटी रोहिणी लागते, जूनच्या सात-आठला मृग. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही सरासरीतच नीट दिसतो. प्रत्यक्षात एका आठवड्यात येतो आणि एक महिना रुसतो. म्हणून दरवर्षी जूनमध्ये कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. मी हा सल्ला गच्चीवर तंतोतंत पाळतो. उभ्या कडांचा एक डबा कठड्यावर ठेवतो आणि पाऊस उघडला की मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी बुडवून मोजतो. बायको म्हणते, नळ आहे, बादली आहे, चार भेंड्या टोचायला कशाला पाहिजे मान्सून? पण पेरणीची घाई न करणं हे शेतकऱ्याचं लक्षण आहे, आणि लक्षणं जमवण्यात मी कसूर करत नाही.

भेंडी, गवार, दोडका, कारलं, वाळूक टोचलं की पहिली हजेरी मुंग्यांची. दुसरी हुमणीची, आमच्याकडची उन्नी. वांग्याचं रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी पाणी घातलं तरी उचलत नाही, आणि हलकेच ओढलं तर सबंध हातात येतं. खाली मुळं नसतात. मातीत अर्धगोल वळलेली एक पांढरी, गुबगुबीत अळी असते, डोकं तपकिरी, चेहऱ्यावर समाधान. मामांना फोन केला. निदान दोन शब्दांत आलं: “शेणखत कच्चं.”

उन्नीचं सगळं वेळापत्रक वळवाच्या पावसावर चालतं. पहिल्या सरी पडल्या की जमिनीतले भुंगेरे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, लिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात, संसार थाटतात आणि पुन्हा जमिनीत जाऊन अंडी घालतात. ऊसवाले आणि सोयाबीनवाले या अळीला चांगलेच ओळखतात. उपाय असा की भुंगेरे झाडावर असतानाच फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे, नाहीतर प्रकाश सापळा लावायचा. हा उपाय शिवारात शोभतो. शहरातल्या रस्त्यावर, रात्री आठ वाजता, हातात बादली घेऊन सार्वजनिक लिंब हलवणाऱ्या माणसाला मात्र खुलासे द्यावे लागतात.

“सर, काय अडकलंय वर?”

“काही नाही, भुंगेरे.”

“बरं बरं,” म्हणून तो गृहस्थ जरा लांबून गेला. दुसऱ्याने गाडी थांबवून विचारलं. तिसरा पाटोद्याकडचा निघाला. त्याने एक शब्द न बोलता चप्पल काढली, पायरीसारख्या एका गाठीवर पाय ठेवला आणि वरची फांदी अशी काही हलवली की बादली भरली. जाताना म्हणाला, “एकट्यानं करून भागत नाही सर. सगळ्या गावानं केलं तर उन्नी हटती.” खरंच आहे. फक्त आमच्या कॉलनीतली माणसं एका लिंबाखाली गोळा होतात ती दिवे गेल्यावरच.

आषाढ-श्रावणात गोगलगायी येतात. जुलै २०२२ मध्ये शंखी गोगलगायींनी लातूर, उस्मानाबाद आणि आमच्या बीड जिल्ह्यात सोयाबीनची कोवळी रोपंच्या रोपं साफ केली होती. दुबार पेरलेलंही खाल्लं. दिवसा दडायचं आणि रात्री जेवायचं, ही त्यांची रीत. गच्चीवर त्या नर्सरीच्या पिशवीतून येतात, म्हणजे भाडं आपण भरलेलं असतं. उपाय सांगतात तो असा: गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी जागोजाग अंथरायचं. रात्रभर गोगलगायी तिथे जमतात, सकाळी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

मी पाट्यावर गूळ फोडत होतो तेव्हा आईने विचारलं, “कुणी यायलंय का?”

“गोगलगायी.”

“गूळ-पाणी देऊन मारायलास?” आई म्हणाली. “आन् तेही श्रावणात?”

झालं. श्रावण म्हणजे आमच्या घरात किडींना अभयपत्र. सकाळी गोळा केलेल्या गोगलगायी मिठात न जाता बादलीतून लांब मोकळ्या रानात गेल्या. जाताना त्यांना गुळाचं गोणपाटही दिलं असतं, पण ते मी लपवलं.

श्रावणातला खरा पेच बेलाचा. परळीचा वैजनाथ जिल्ह्यातच असल्यामुळे सोमवारच्या बेलाला आमच्याकडे फार भाव. घरचाच बेल हवा म्हणून आईने अंगणात झाड वाढवलंय. त्याच्या पानांवर एके दिवशी पाखरांनी घाण केलेली दिसली. शेजारचे निवृत्त गुरुजी स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी ओलं फडकं घेतलं, पान पुसायला गेले आणि घाण चालू लागली. गुरुजी दोन पावलं मागे. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे पाखरं तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून शेंदरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. लिंबू, कढीपत्ता आणि बेल हे एकाच कुळातले, त्यामुळे तिला तिन्ही घरं आपलीच.

“सोमवारपर्यंत राहू द्या,” आईने निकाल दिला. “जीव हे. खाऊन खाऊन किती खाईल?”

याचं उत्तर अळीने रविवारपर्यंत दिलं. त्या सोमवारी महादेवाला बाजारातून विकत आणलेला बेल वाहिला आणि आमच्या बेलाच्या काड्या उघड्या पडल्या. पुढे त्या अळीचा कोष झाला, कोषातून काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं देखणं फुलपाखरू निघालं, मुलाने त्याचे फोटो काढले, आईने हात जोडले. फुलपाखराने अंगणात एक गिरकी घेतली आणि लिंबाच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालायला सुरुवात केली.

भादव्यात जास्वंदीवर कापूस पडतो. खरा नव्हे, पिठ्या ढेकणाचा. फांद्यांच्या बेचक्यात पांढरा, मऊ, मेणचट थर. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच घराण्यातली भावकी आहे, आणि भावकीचे पाहुणे सगळ्यांकडे जेवतात. तुडतुडे, मावा, पांढरी माशी कपाशीवर येते तशी भेंडीवरही येते. पांढरी माशी वर भेंडीला पिवळ्या शिरांचा रोग देऊन जाते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भाच्या कपाशीची बोंडं आतून पोखरली, बीटी बियाणं असूनही. तेव्हापासून मामा माझ्या भेंडीकडेही संशयाने बघतात.

पिठ्या ढेकणासाठी कृषी सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता विचारलं, “कपाशी का सोयाबीन?”

“जास्वंद.”

त्याने वर बघितलं. “कितीचा प्लॉट हे?”

“एक झाड.”

मागे रांगेत उभे असलेले दोन शेतकरी पुढे सरकले. मुलगा भला होता. त्याने बाटली काढली, दहा लिटर पाण्याला पाच मिली सांगितलं. माझा पंप म्हणजे इस्त्रीची अर्ध्या लिटरची फवारणी बाटली. हिशेबाने पाव मिली बसतं. पाव मिली मोजायचं कसं, यावर दुकानात तीन मतं पडली. एक शेतकरी म्हणाला, “टोपणाला नुसता वास द्या.” बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, अशी ती उतरंड असते. त्याच २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते बातम्यांत रोज येत होतं. ज्या जास्वंदीचं फूल आई गणपतीला वाहते आणि ज्या भेंडीची भाजी त्याच रात्री ताटात येते, त्यांच्यासाठी पिवळा त्रिकोण घरात नेण्याची माझी तयारी होईना. बाटली परत कपाटात गेली. मागचा शेतकरी म्हणाला, “दशपर्णी करा साहेब. घरचंच असतं.”

दशपर्णी अर्क हा घरचाच असतो, पण तो केल्यावर घर आपलं राहत नाही. लिंब, करंज, सीताफळ, धोतरा, रुई, निर्गुडी, टणटणी, एरंड, पपई, कण्हेर असा ज्याला गुरंसुद्धा सहजासहजी तोंड लावत नाहीत तो पाला गोळा करायचा, चेचायचा, त्यात शेण, गोमूत्र, हिरवी मिरची, लसूण घालायचं, पिंपात महिनाभर सडवायचं आणि रोज ढवळायचं. शेतात पिंप बांधाला ठेवतात. बांधाला नाक नसतं. आमच्याकडे ते पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलं. पहिला आठवडा शांततेत गेला. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या वहिनींनी विचारलं, “तुमच्याकडं काही मेलंय का?” तिसऱ्या आठवड्यात कॉलनीतल्या तिघांनी आपापली ड्रेनेजची टाकी उघडून बघितली. गुरुजी मात्र शास्त्रनिष्ठ. ते नाकाला उपरणं लावून रोज येत आणि म्हणत, “जमतंय. आंबतंय. बुडबुडे बघा.” चौथ्या आठवड्यात गाळलं. फवारलं. तुडतुडे हटले, मावा बराच कमी झाला, आणि आमच्याकडे येणारे पाहुणेही.

खाली सीताफळावर याच अर्काचा फवारा मारताना मला एक विसंगती टोचते. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ आमच्या जिल्ह्याची शान. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचा पाला दशपर्णीत पडतो, त्याच्या बियांची पूड आज्या उवा मारायला वापरत. एवढं विष पोटात बाळगणाऱ्या झाडाच्या फळावर पिठ्या ढेकूण डोळ्या-डोळ्यांतल्या खाचेत बिनधास्त बसतो. हा ढेकूण खाणारा ऑस्ट्रेलियातला एक ढालकिडा १८९८ सालीच भारतात आणला गेला आणि आज जैविक उपाय म्हणून तो वापरतातही. आमच्या सीताफळावर मात्र ढेकणांचा बंदोबस्त डोंगळ्यांकडे आहे. ढेकूण रस पितो, अंगातून गोड चिकटा सोडतो. डोंगळे तो चिकटा चाटतात आणि बदल्यात ढेकणांच्या शत्रूंना पिटाळतात. म्हणून पहिला वार डोंगळ्यांवर: खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची आणि तिला ग्रीस फासायचं. मी फासलं. डोंगळ्यांनी एक दिवस विचार केला आणि भिंतीला टेकलेल्या फांदीवरून ये-जा सुरू केली. फांदी छाटली. मग कपडे वाळत घालायची दोरी राहिली. ती काढायला मात्र घरातून परवानगी मिळाली नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक-ट्रॅक्टर रस्त्याला लागतात, गावं ओस पडतात आणि शहरात थंडीची चाहूल लागते. हा हंगाम गच्चीसाठी सर्वांत सुखाचा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वाल, सगळं उगवतं. आणि मग एखाद्या सकाळी आभाळ भरून येतं. ‘ढगाळ वातावरण’ हे दोन शब्द आकाशवाणीवर ऐकले की जिल्हाभर माणसं पानं उलटी करून बघायला लागतात. मीही बघतो. वालाच्या शेंड्यावर मावा, काळा, दाटीवाटीने. दोन दिवसांत शेंडा आकसतो.

माव्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे घाई न करणं, आणि तोच कुणाला जमत नाही. थांबलं तर ढालकिडे येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला प्रौढ किडा सगळ्यांना आवडतो. पण माव्याचा फडशा पाडण्यात त्याची पिल्लंही मागे नसतात आणि ती दिसायला काळपट, काटेरी, भयंकर. त्यामुळे घरोघरी त्यांनाच आधी चिरडतात. मी पानाला दोरा बांधून ‘आपला माणूस’ अशी चिठ्ठी लावली. मुलाच्या मित्राने विचारलं, “काका, कोणत्या पक्षाचा?”

लिंबोळी अर्क याच काळात कामी येतो. जूनमध्ये लिंबाखाली पडलेल्या लिंबोळ्या मुलांना कामाला लावून गोळा केलेल्या आणि वाळवलेल्या असतात. पाच किलोच्या पुडीचा शंभर लिटर अर्क होतो, म्हणजे माझ्या बाटलीला पंचवीस ग्रॅम. रात्रभर भिजवा, गाळा, साबणाचा चुरा घाला, संध्याकाळी फवारा. रसायनासारखा तो जागेवर जीव घेत नाही. किडीची खाण्यावरची वासना उडते, कात टाकायचं जमत नाही. म्हणजे कीड उपोषणाला बसते. आमच्या जिल्ह्यात उपोषणाला बसणाऱ्यांची कुणी लगेच दखल घेत नाही, त्यामुळे निकाल लागायला वेळ लागतो, पण लागतो.

याच दिवसांत दोडक्याला फळमाशी लागते. ती कोवळ्या फळात अंडी घालते, फळ वाकडं होऊन सडतं. कामगंध सापळा लावला तर त्यात नरच सापडतात. माद्या बाहेर आपलं काम करत असतात. हे बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, “सगळीकडं असंच हे.” मग आईने जुन्या मलमलीच्या धोतराची छोटी टोपडी शिवली आणि प्रत्येक दोडक्याला एकेक बांधलं. आमच्या वेलावर काही दिवस बारशाची तयारी दिसत होती. हा उपाय शंभर टक्के चालला. टोपड्यांची शिलाई धरली नाही तर दोडका परवडलाही.

आणि मग मार्च संपतो.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि नळाला पाणी कधी येईल यावर घराघरांत अंदाज वर्तवले जातात. निजामशाहीच्या काळात कुणीतरी बीडजवळ खजाना विहीर बांधली आणि जमिनीखालून नहर काढून तिचं पाणी रानांना दिलं. साडेचारशे वर्षांमागच्या त्या माणसाचा मला उन्हाळ्यात फार हेवा वाटतो. आमच्या गच्चीचं सिंचन तांदूळ धुतल्याचं पाणी, भाजी धुतल्याचं पाणी आणि लादी पुसल्याचं पाणी यांवर चालतं. अशात कोरड्या उन्हाळ्याचा खास पाहुणा येतो, लाल कोळी. पानाखाली बारीक जाळं, पान पिवळट, मग तपकिरी. जाणकारांचा उपाय: पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा रोज मारावा. मे महिन्यात, बीडमध्ये, रोज, जोरदार. मी हे वाक्य गुरुजींना वाचून दाखवलं. गुरुजी बराच वेळ हसले, मग डोळे पुसून म्हणाले, “या पाण्यानं होईल का बघा.”

पाणी आटलं की वानरंही शहराकडे सरकतात. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं पळवून झाडावर, घरांवर नेतात ही बातमी डिसेंबर २०२१ मध्ये जगभर गेली. आकडे अडीचशेपर्यंत फुगले, परदेशी वर्तमानपत्रांनी ‘सूड’ वगैरे शब्द वापरले, आणि शेवटी वन विभागाने दोन वानरं पकडली. आमच्याकडे आलेल्या वानराचं कुणाशी वैर नव्हतं. त्याने कठड्यावर बसून टोमॅटो तोडला, एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला माझ्याकडे फेकला. नंतर ओळीने प्रत्येक झाडाचा एकेक टोमॅटो चाखून बघितला. एवढी बारकाईने प्रतवारी बाजार समितीतही होत नाही.

उन्हाळ्याअखेर घरात लेखाजोखा होतो. आमच्या महाराष्ट्रात पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळी परिस्थिती समजतात. बायकोने खताच्या पिशव्या, रोपं, बाटल्या, ग्रीस आणि बाजारातून आणलेला बेल धरून गच्चीची अंतिम पैसेवारी जाहीर केली: सात पैसे. मुलाने ई-पीक पाहणीच्या ॲपवर गच्ची नोंदवायचा प्रयत्न केला. ॲपने गट क्रमांक मागितला, त्याने घर क्रमांक टाकला, तो काही चालला नाही. विम्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला. पीकविम्यात तर आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालंय. २०२०च्या खरिपापासून ‘बीड पॅटर्न’ म्हणून जे ओळखलं जातं ते इथलंच: भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत कंपनीने द्यायची, त्यापुढची राज्याने, नुकसान कमी झालं तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी सरकारला परत करायचं. पुढे २०२३च्या खरिपात शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आला आणि २०२५मध्ये ती सोय बंद झाली. ती असेपर्यंत एक रुपया माझ्याकडे होता. सातबारा नव्हता.

वैशाखात माजलगावकडच्या एका लग्नाला गेलो. मांडवात एका बाजूला सतरंजीवर मामा आणि त्यांच्या वयाची पाच-सहा मंडळी बसलेली. विषय अर्थातच चालू होता. कुणाच्या कपाशीला बोंडअळी, कुणाच्या उसाला उन्नी, कुणाच्या सोयाबीनला गोगलगाय. मी कडेला बसलो आणि ‘यंदा अवघड आहे’ म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“आमच्याकडं पिठ्या ढेकूण आटोक्यात येईना. मावा जरा कमी हे, पण वांग्याला शेंडा पोखरणारी अळी घुसली. वाळलेले शेंडे रोज खुडायलोय.”

बैठक थांबली. एकाने विचारलं, “खुडलेले शेंडे टाकता कुठं?”

“जाळतो. बाहेर टाकले तर अळी परत येते.”

“बराबर,” तो म्हणाला आणि सरकून मला सतरंजीवर जागा केली. मग चर्चा पेटली. एकाने तंबाखूचं पाणी सांगितलं, दुसऱ्याने ताक, तिसऱ्याने राख, चौथा म्हणाला सगळं खोटं, हाताने वेचण्याशिवाय इलाज नाही. मामा मध्ये पडले नाहीत. डोळे बारीक करून ते माझ्याकडे कौतुकाने बघत होते. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, वाढप्या दोनदा बोलावून गेला, कुणी हललं नाही. इथे माणूस किती पिकवतो यावर ओळख ठरत नाही. किती गेलं, कशाने गेलं आणि आपण काय काय करून पाहिलं, यावर ठरते. या हिशेबाने मी बडा बागायतदार होतो.

पांढऱ्या मिशांचे एक आजोबा इतका वेळ गप्प होते. ते माझ्याकडे वळले.

“इमा भरला व्हता का, पाव्हणं?”

“नाही, आबा.”

“लई ब्येस केलं,” आबा म्हणाले. “आम्ही भरलाव.”